बाळाच्या कवटीला बारीक तडा: दवाखान्यात ठेवायचं की घरी न्यायचं?

टेंगूळ हाताला कसं लागतं, तिथून माझं ठरवणं सुरू होतं. कपाळावरचं टेंगूळ बहुतेक वेळा टणक लागतं, दाबलं की पोर कळवळून रडतं आणि तासाभरात तेच पोर बाहेरच्या बाकड्यांखालून रांगत असतं. कानाच्या वर किंवा डोक्याच्या मागच्या अंगाला आलेलं टेंगूळ बोटाखाली पाणी भरलेल्या फुग्यासारखं डचमळलं, तर मी बोट तिथंच ठेवते आणि आईला विचारते, "नेमकं कुठून पडलं? आणि खाली काय होतं?"

जतमध्ये एकवीस वर्षं लहान मुलांचा दवाखाना चालवतेय. डाळिंबाच्या बागा, पाण्याचे टँकर, दिवाळी झाली की ऊसतोडीला निघणारी घरं, आणि निम्म्या आज्या माझ्याशी कानडीतून बोलतात. मेंदूचा सर्जन गाठायचा तर मिरज, पाऊणशे किलोमीटरच्या पुढं. उमदीकडचं कुटुंब असलं तर त्यात आणखी तासभर धरा. हे अंतर आधीच सांगून ठेवते, कारण पुण्यामुंबईचे डॉक्टर आणि मी जिथं वेगळं बोलू, तिथं बहुतेक वेळा या रस्त्यामुळंच बोलू.

मागच्या उन्हाळ्यात उमदीची सात महिन्यांची एक मुलगी आली. आजीचे गुडघे दुखतात, खाली बसून तेल लावता येत नाही, म्हणून तिनं पोरीला स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवलं होतं. तेलाची वाटी घ्यायला आजी वळली आणि पोर शहाबादी फरशीवर. सकाळचे दहा वाजले होते. पडल्या पडल्या रडली, पाच-दहा मिनिटांत गप्प झाली, अंगावर प्यायली, एकदा उलटी केली. एक वाजता टोपडं घालताना आईच्या हाताला डाव्या कानाच्या वर मऊ लागलं. माझ्यासमोर आजी एवढंच म्हणत होती, "बाई, डोस्क्यात पाणी भरल्यागत लागतंय."

मी मिरजेला पाठवलं. संध्याकाळी साडेपाचला बापाचा फोन. "मॅडम, कवटी फुटलीय म्हणतात. आत काही नाही म्हणतात. ठेवायचं तर ठेवा, न्यायचं तर न्या म्हणतात. मी काय करू?"

हा प्रश्न मला वर्षातून सात-आठ वेळा तरी येतो. त्याचं उत्तर कसं शोधायचं ते इथं लिहितेय. एक गोष्ट मात्र पक्की धरा: मुलाला हात लावून तपासलेल्या डॉक्टरचा शब्द हा लेख वाचून मोडायचा नाही. त्यांना काय काय विचारायचं, ते कळावं म्हणून हे.

आधी, स्कॅन कोणाला

पडलेल्या प्रत्येक मुलाला सीटी स्कॅन लागत नाही. अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांनी मिळून ४२,४१२ मुलांचा अभ्यास केला आणि तो २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पेकार्न या नावानं आम्ही तो ओळखतो. त्यावरून दोन वर्षांखालच्या मुलासाठी सहा गोष्टी बघायच्या ठरल्या. मूल नेहमीसारखं जागं आणि सावध आहे ना; कपाळ सोडून डोक्यावर दुसरीकडं टेंगूळ आहे का; पाच सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ शुद्ध हरपली होती का; मार जोराचा होता का, म्हणजे तीन फुटांहून उंचावरून पडणं, गाडीचा अपघात, डोक्यावर जड वस्तू आदळणं; हाताला हाडाची चीर किंवा खळगा लागतो का; आणि आईबापांना पोर नेहमीसारखं वाटतंय का. यातलं एकही खटकत नसेल, तर मेंदूला महत्त्वाची इजा असण्याची शक्यता ०.०२ टक्क्यांहूनही कमी. अशा मुलाला मी स्कॅनला पाठवत नाही, आजी कितीही रागावली तरी.

सहावा प्रश्न मला फार आवडतो. आईचं मत त्यात तपासणीचा भाग म्हणून धरलंय. "डॉक्टर, हिचं काहीतरी वेगळंच आहे," असं आई म्हणाली तर ती भित्री आहे असं समजून सोडून द्यायचं नाही.

आणि तीन फुटांच्या आकड्याचं एक. आपला ओटा असतो पावणेतीन फुटांचा. आकड्यात बसत नाही म्हणून सोडून द्यायचं का? बसलेल्या बाळाचं डोकं ओट्याच्या वर आणखी फूटभर असतं आणि खाली गादी नव्हती, फरशी होती. त्या पोरीला टेंगूळच कानाच्या वर होतं, त्यामुळं प्रश्नच मिटला. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या नियमात वर्षाखालच्या मुलाला डोक्यावर पाच सेंटिमीटरहून मोठी सूज, काळानिळा डाग किंवा जखम असेल तर स्कॅनकडं बोट जातं. पाच सेंटिमीटर म्हणजे चांगलं मोठं लिंबू.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर स्कॅनला पाठवायला माझा हात आणखी सैल. एवढ्या लहानग्यात आत इजा असूनही बाहेरून काहीच दिसत नाही असं होतं.

एक्स-रे काढून येणारी माणसं अजून येतात. एक्स-रेत तडा दिसला तरी आतलं रक्त दिसत नाही, आणि बाळाच्या कवटीचे नैसर्गिक सांधे बघून "इथं फ्रॅक्चर आहे" असं सांगितलेलं मी पुष्कळदा ऐकलंय. सोनोग्राफीनं हाडातली चीर सापडू शकते, पण आत सगळं ठीक आहे अशी हमी ती देत नाही. सीटीत किरणं असतात हे खरं. डोक्याच्या एका स्कॅनला साधारण दोन मिलिसिव्हर्ट, म्हणजे आपल्याला निसर्गातून वर्षभरात मिळतात जवळजवळ तेवढी. गरज असेल तेव्हा त्याला घाबरायचं नाही, गरज नसताना हौस म्हणून काढायचं नाही. मुलांसाठीचा कमी डोस लावा, एवढं तंत्रज्ञाला जरूर म्हणा. स्कॅन मिनिटभराचं काम. बाळ सावध असेल आणि डॉक्टरांनी दूध बंद ठेवायला सांगितलं नसेल, तर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, झोप लागली की आत न्यायचं. गुंगीच्या औषधाची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

रिपोर्टमधला तडा कसला आहे

फ्रॅक्चर म्हटलं की लोकांना प्लास्टर, रॉड, सहा महिने असं सगळं दिसायला लागतं. मडक्याला केसाएवढी चीर जावी, मडकं जागच्या जागी असावं, तसा बहुतेक मुलांचा तडा असतो. रिपोर्टमध्ये 'लिनियर' आणि 'अनडिस्प्लेस्ड' असे शब्द येतात: सरळ रेषेसारखा, हाड न सरकलेलं. याला काही बांधायचं नसतं, शिवायचं नसतं. बाळाचं हाड दोन-तीन महिन्यांत सांधतं, मोठ्या मुलाला वर्षभर लागू शकतं.

भीती तड्याची नाही, तड्यामागच्या रक्ताची. स्कॅनमध्ये रक्त नाही आणि मूल सावध आहे, तर पुढं काय होतं? पेकार्नच्याच मुलांमधली नुसता सरळ तडा असलेली ३५० मुलं वेगळी काढून बघितली, तेव्हा त्यांतल्या एकालाही मेंदूची शस्त्रक्रिया लागली नव्हती. तरीही २०१ जणांना दाखल केलं होतं. २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून ६,६४६ मुलांचा हिशेब मांडला गेला. त्यात तातडीची शस्त्रक्रिया एका मुलाला लागली, मृत्यू एकही नाही.

हे आकडे मी बापाला फोनवर सांगत बसले नाही. त्याला म्हटलं, रिपोर्ट हातात घे आणि समोरच्या डॉक्टरांना चार गोष्टी विचारून मला सांग. आत रक्त किंवा हवा आहे का? हाडाचा तुकडा आत दबलाय का? तड्याची रुंदी किती? आणि तो कवटीच्या तळाशी आहे का, की मोठ्या रक्तवाहिनीवरून जातो?

यातल्या एकाचंही उत्तर "हो" आलं, किंवा रुंदी तीन-चार मिलिमीटरच्या पुढं गेली, तर घर की दवाखाना हा वाद संपला. मेंदूच्या सर्जननं बघेपर्यंत मूल हलवायचं नाही. तळाच्या फ्रॅक्चरला कधी नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं गळतं, दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागं काळंनिळं पडतं. गळतंय म्हणून कापसाचा बोळा कोंबायचा नाही आणि नाक शिंकरायला लावायचं नाही. तड्यावरची कातडी फाटलेली असेल तरीही ठेवायचंच. नवजात बाळाच्या डोक्याला कधी पिंगपाँगचा चेंडू चेपावा तसा खळगा पडतो. तो पुष्कळदा साधासुधा निघतो, पण ते सर्जनलाच म्हणू द्या.

ठेवून घेऊन मी काय केलं होतं

प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अगदी असाच तडा असलेला पाच महिन्यांचा मुलगा मी पाच दिवस ठेवला होता. तेव्हा माझ्याकडं सहा खाटा होत्या. सलाइन लावलं, अँटिबायोटिक दिलं, झटके येऊ नयेत म्हणून औषध दिलं. यातल्या एकाचीही त्याला गरज नव्हती. अंगावर उत्तम पिणाऱ्या पोराला सलाइन! तिसऱ्या दिवशी सुईच्या जागी हात सुजून लाल झाला. चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवरचे जुलाब त्याला लागले. पाचव्या दिवशी घरी गेला तो वजन घटवून. डोकं पहिल्या दिवसापासून ठीक होतं, जे काही झालं ते माझ्या वॉर्डात झालं. त्याच्या आईनं जाताना माझ्या पाया पडून आभार मानले, ते मला अजून टोचतं.

म्हणून आता कोणी "ठेवून घ्या" म्हटलं की मी विचारते, ठेवून करणार काय? साध्या तड्याला दवाखान्यात उपचार असा नसतोच. नर्स दर तासा-दोन तासांनी येऊन बघते: मूल जागं होतं का, डोळ्याच्या बाहुल्या टॉर्चच्या उजेडात सारख्या आकसतात का, हातपाय दोन्हीकडं सारखे हलतात का, नाडी कशी आहे. आणि बिघडलं तर सर्जन व स्कॅन त्याच इमारतीत असतात. खाटेचे पैसे मोजून आपण या दोन गोष्टी घेतो, कोणाची तरी नजर आणि सर्जनची जवळीक. या दोन्ही दुसरीकडून मिळत असतील तर खाट लागत नाही.

याच कारणानं, जिथं सर्जन नाही आणि स्कॅन नाही तिथं "चोवीस तास देखरेखीखाली" ठेवण्याला फारसा अर्थ नाही. माझ्या दवाखान्यातसुद्धा नाही. अशा मुलाला मी आता ठेवून घेतच नाही, एक तर मिरजेला, नाही तर घरी.

मग कोणाला ठेवायचं

घड्याळ पडल्यापासून लावायचं, दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे. पडून चार ते सहा तास झालेत, मूल पूर्ण सावध आहे, ओळखीच्या चेहऱ्याला हसतंय, दोन वेळा पाजलेलं पोटात टिकलंय, स्कॅनमध्ये साधा तडा आणि आत काही नाही, असं असेल तर बहुतेक मुलं त्याच दिवशी जाऊ शकतात. ओट्यावरून पडलेल्या पोरीला साडेपाचला साडेसात तास होऊन गेले होते. म्हणजे देखरेखीचा मोठा भाग गाडीत आणि रांगेत बसूनच पार पडला होता.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मी एक रात्र ठेवायला सांगते. काही रुग्णालयं सहा महिन्यांपर्यंत ठेवतात, त्यावर भांडायला जाऊ नका. सारख्या उलट्या, दूध ओढत नाही, किरकिर थांबत नाही, गुंगी आहे, झटका येऊन गेलाय, रक्त न गोठण्याचा आजार आहे, तर ठेवायचंच. एकाहून जास्त तडे असतील तरी ठेवायचं. टेंगूळ फार मोठं असेल तर हिमोग्लोबिन बघून घ्यायचं. सात किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून साडेपाचशे मिलिलिटरच्या आसपास रक्त, त्यातलं शंभर डोक्याच्या कातडीखाली जमलं तर ते थोडं नव्हे.

आणि मग रस्ता. घर दवाखान्यापासून अर्ध्या तासावर आहे का? रात्री दोनला गाडी मिळेल का, की शेजाऱ्याची जीप ऊस घेऊन गेलेली असेल? फोनला रेंज आहे का? घरात मोठी माणसं किती, आणि त्यातलं एक तरी रात्री उठून बघण्याइतकं ताजं आहे का? आई दोन दिवस झोपलेली नाही, बाप उद्या पहाटे बागेत फवारणीला जाणार, अशा घरात "लक्ष ठेवा" हे सांगणं म्हणजे काहीच न सांगणं.

मी बापाला विचारलं, "सांगली-मिरजेत कोण आहे तुमचं?"

"आत्या आहे की सांगलीला. विश्रामबागेत."

म्हटलं, मग आज उमदीला येऊ नका आणि पोरीला दाखलही करू नका. तिथल्या डॉक्टरांना विचारा, आम्ही आत्याकडं राहिलो आणि उद्या सकाळी दाखवायला आणलं तर चालेल का. ते लगेच हो म्हणाले. त्यांनाही ती खाट दुसऱ्या कोणासाठी हवी असणार.

हा तिसरा रस्ता लोकांना सुचत नाही. दाखल की घरी, असे दोनच पर्याय समोर ठेवले जातात. मिरजेत नातेवाईक नसले तर एका रात्रीपुरती लॉजची खोलीसुद्धा चालते.

मेडिक्लेमचं मात्र बोललंच पाहिजे. "चोवीस तास ठेवा म्हणजे क्लेम बसतो," असं मला तोंडावर सांगणारे आहेत. पुष्कळ पॉलिसींत चोवीस तास दाखल असण्याची अट असते हे खरं. त्यासाठी सात महिन्यांच्या पोरीला न्यूमोनियाच्या वॉर्डात रात्रभर झोपवायचं का, हे तुम्ही ठरवा. माझी सही त्या कागदावर मिळत नाही. उलट, खरंच ठेवायची गरज असेल आणि पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं आधी विचारा. पैशासाठी रात्रीतून मूल उचलून नेऊ नका.

आत्याच्या घरची रात्र

झोपू द्यायचं. डोक्याला मार लागल्यावर झोपवू नये, हे मी रोज ऐकते. दिवसभर रडून, गाडीत हिंदकळून आलेलं बाळ झोपणारच, आणि त्याला मुद्दाम जागं ठेवलं तर ते चिडचिडं होऊन उलट आपल्यालाच कळेनासं होतं. आत्याला फोनवर सांगितलं ते असं: रात्री अकराला आणि पहाटे तीनला तिला एकदा हलवा. पूर्ण उठवून खेळवायचं नाही. पायाच्या तळव्याला बोट घासा, कुशीवर वळवा. ती तोंड वाकडं करून पाय ओढेल, कुरकुरेल, अंगाला लागून पिऊन परत झोपेल. तसं झालं की तुम्हीही झोपा. हलवूनही डोळे उघडत नाहीत, मान टाकतेय, तर मला फोन करत बसू नका, थेट दवाखाना.

तीनला आत्याचा फोन आलाच. पोरगी उठून बसली होती आणि आता झोपायला तयार नव्हती. टाळ्या वाजवत होती म्हणे. मी म्हटलं, छान.

लगेच परत न्यायचं कधी, ते कागदावर लिहून दाराच्या मागं चिकटवा: उठवून उठत नाही. दोनापेक्षा जास्त उलट्या, विशेषतः जोरात. झटका. एका बाजूचा हात किंवा पाय कमी हलतो. एक बाहुली मोठी, एक लहान. शांत आणि बसतं धरलेलं असताना टाळू फुगलेली. नाकाकानातून पाणी किंवा रक्त. दूध तोंडातच धरत नाही. रडणं कशानंही थांबत नाही. मूल निपचित झालं असेल तर मोटारसायकलवर मध्ये धरून न्यायचं नाही, १०८ ला फोन लावायचा. माझा नंबर शोधण्यात वेळ घालवायचा नाही.

औषध एकच, पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे किलोमागं दहा ते पंधरा मिलिग्रॅम, सहा तासांनी. बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते वाचा. थेंबांच्या आणि सिरपच्या बाटलीत फार फरक असतो. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ही दुखण्यावरची दुसरी औषधं मी पहिले दोन दिवस टाळते. सर्दीचं, झोप आणणारं सिरप तर मुळीच नको, मग गुंगी डोक्याची की औषधाची ते कळणार कसं? उलटीचं औषध घरात आहे म्हणून देऊन टाकू नका.

मेंदूचं टॉनिक म्हणून सिटिकोलिनचं सिरप लिहिलेल्या चिठ्ठ्या माझ्याकडं येतात. २०१२ साली कॉब्रिट या मोठ्या अभ्यासात डोक्याला इजा झालेल्या बाराशेच्या वर मोठ्या माणसांवर ते तपासलं, फायदा दिसला नाही. साध्या तड्याच्या बाळाला तर ते देण्याचं कारणच नाही. स्टिरॉइडचं इंजेक्शन कोणी "सूज उतरायला" म्हणून सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. २००४ सालच्या क्रॅश अभ्यासात, दहा हजार मोठ्या माणसांमध्ये, स्टिरॉइड दिलेल्यांचे मृत्यू वाढले होते.

हळद, चुना, गरम कापडाचा शेक, टेंगूळ तेलानं चोळून "जिरवणं", हे सगळं बंद. तड्यावर कोणी बोटं दाबायची नाहीत, बघायला आलेल्या पाहुण्यांनीही नाही. एकेकाला त्या मऊ जागी बोट खुपसून बघायचंच असतं.

पोलीस येतील का

डोक्याला मार म्हटलं की बरीच रुग्णालयं एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, नोंदवतात. हा शब्द ऐकून बाप पांढरे पडतात. ती नोंद आहे, तुमच्यावर ठेवलेला आरोप नव्हे. पण त्या भीतीनं माणसं खोटं सांगतात आणि तिथं खरी गडबड होते. मोटारसायकलच्या टाकीवर बसवलेलं पोर गाडी घसरून पडलं असतं, आणि आम्हाला सांगतात "पाळण्यातून पडलं". पाळण्यातून पडणं आणि चालत्या गाडीवरून पडणं यात माझा निर्णय पूर्ण बदलतो. मी मोजत असते उंची आणि वेग, आणि तुम्ही मला चुकीचा आकडा दिलेला असतो.

न रांगणाऱ्या, कूस न बदलणाऱ्या बाळाला फ्रॅक्चर असेल तर आम्ही जरा जास्तच विचारतो. कोण जवळ होतं, किती वाजता, आधी कधी काही लागलं होतं का; बाळाला उघडं करून अंगभर बघतो, कधी इतर हाडांचे एक्स-रेही काढतो. हे श्रीमंत घरात करतो तसं गरीब घरातही करतो. कारण काही मुलं खरंच मारलेली असतात, आणि अशा मुलाला घरी पाठवणं ही सगळ्यात वाईट चूक. संशय राहिला तर तडा कितीही बारीक असो, मूल दाखल होतं. शेजारच्या घरातल्या मुलाबद्दल तुम्हाला असं काही वाटत असेल तर १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक आहे.

उशिरा लक्षात आलं म्हणून मात्र कोणी लाजू नये. टेंगूळ मऊ होऊन हाताला लागायला पुष्कळदा काही तास जातात, कधी दिवसही जातो. आजी माझ्यासमोर डोक्याला पदर लावून रडत होती. सुनेनं एक शब्द बोलला नाही तिला, उलट पाण्याचा तांब्या दिला.

पुढचे दोन महिने

दुसऱ्या ते चौथ्या दिवसात टेंगूळ आणखी मऊ आणि पसरट होतं, आणि तेव्हा फोन येतात: "मॅडम, वाढलंय!" टेंगळातलं, कातडीखालचं रक्त पातळ होऊन पसरत असतं. बाळ मजेत असेल तर हे ठरल्याप्रमाणंच चाललंय. ते दोन-तीन आठवड्यांत जिरतं. सुई घालून काढायचं नसतं, जंतू आत जातात. बाळ पांढरं पडतंय, धाप लागतेय, तर मात्र दाखवायचं.

परत सीटी काढायचं नसतं. तडा भरला का हे बघायला तर नाहीच. आंघोळ, टोपडं, लसीकरण नेहमीसारखं. वॉकर आधीच विकत आणला असेल तर तो या निमित्तानं माळ्यावर टाका. चाकं लावलेलं पोर जिन्याकडं किती वेगानं जातं हे मी पाहिलंय. चालायला-पळायला लागलेल्या मुलाला काही आठवडे उड्या, झोके, सायकल बंद, किती आठवडे ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

तीन वर्षांखालच्या मुलांत एक दुर्मीळ भानगड असते. तड्याखालचं मेंदूचं आवरण फाटलेलं असलं तर हाड सांधायच्या ऐवजी फट हळूहळू रुंदावत जाते. पडल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, उतरलेली सूज त्याच जागी परत येते, रडताना ठोके लागतात, कडेला हाडाची धार हाताला लागते. म्हणून मी सगळ्यांना सहा आठवड्यांनी एकदा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बोलावते. फी घेत नाही, नाही तर कोणी येत नाही. मशीन लागत नाही, बोट पुरतं.

ओट्यावरची पोरगी सहाव्या आठवड्यात आली तेव्हा तिला दोन दात आले होते आणि माझं बोट डोक्यावरून फिरत असताना ती माझा स्टेथोस्कोप चावत होती. जागा सपाट, कडा नाही, ठोका नाही. मी आजीला विचारलं, तेल आता कुठं लावता? आजी म्हणाली, सून लावती, खाली वाकळ टाकून. मी नुसती वाटी धरती.